ट्रेवालीचा सिनेमा

मागची खोली माझी आहे. तसं अख्खं घरच माझं आहे, पण ते मी एरवी बोलून दाखवत नाही. खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या आणि एक जुना टीव्ही. मुलाने बाहेरच्या खोलीत भिंतीएवढा नवा टीव्ही आणला तेव्हा हा भंगारात निघाला होता. मी म्हटलं, खबरदार हात लावलात तर, तो माझ्या खोलीत ठेवा.

खाली आमचं रंगाचं दुकान. भिंतींचे रंग, ब्रश, टर्पेंटाइन, सगळं. नवरा गेल्यावर ते मी एकटीने चालवलं. गिऱ्हाइकाने नुसतं "जरा पिस्त्यासारखा, पण फिका" म्हटलं की मी डबा ढवळून हातात ठेवायची. मग मुलगा मोठा झाला, दुकानात बसायला लागला, रंग मिसळायचं मशीन आलं आणि एक दिवस तो मला म्हणाला, "आई, तू आता आराम कर." आराम कर म्हणजे लुडबूड करू नकोस, एवढं कळायला काही अक्कल विकत आणावी लागत नाही. मी किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि जिना चढून वर आले. दिवसभर हे पुसायचं, ते आवरायचं, आणि संध्याकाळी टीव्ही.

आणि टीव्ही म्हणजे काय, तर 'खास तुमच्यासाठी' म्हणून एक रांग. त्या रांगेत बंदुका घेतलेले तेच ते चार बाप्ये. अरे, माझ्यासाठी खास हे कुणी ठरवलं? मला विचारलंत?

आमच्या वरच्या मजल्यावर घड्याळवाले राहतात. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद केलं तरी लोक घरी घड्याळं आणून देतात. माझ्या नवऱ्याचे ते मित्र, म्हणून मला वहिनी म्हणतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. स्वभावाने इतके भित्रे की रस्ता ओलांडताना थांबलेल्या गाडीलाही हात दाखवतील. एकदा आमचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला आले होते. मी टीव्हीवर चाळा करत बसले होते, तेवढ्यात कुठल्याशा वाहिनीवर एक काळापांढरा सिनेमा अर्ध्यातून लागला. नायिका रडत होती, नायक खिडकीतून बाहेर बघत होता, नेहमीचंच. तेवढ्यात एक बाई ट्रे घेऊन आत आली. कप ठेवले आणि निघाली. पण दारातून बाहेर पडताना तिने त्या रडणाऱ्या नायिकेकडे एकदाच बघितलं. असं बघितलं की मी सरळ होऊन बसले. 'बाई गं, मी रडले असते तर हा ट्रे कुणी आणला असता' असं काहीतरी त्यात होतं.

"ही कोण हो?" मी आणि घड्याळवाले एकदमच म्हणालो.

तिथून सुरू झालं. शेवटी पळणाऱ्या नावांमध्ये अगदी तळाला तिचं नाव होतं. घड्याळवाल्यांनी डोळ्याला भिंग लावून टीव्हीसमोर उकिडवं बसून ते वाचलं. दुसऱ्या दिवशी ते फोनमध्ये तिचा आणखी एक सिनेमा शोधून आले. त्यात ती दार उघडायची. तिसऱ्यात पुन्हा ट्रे. मी तिचं नाव ठेवलं ट्रेवाली.

लोक सिनेमा शोधतात तो नायक बघून. आम्ही ट्रेवालीच्या मागे निघालो, आणि सांगते, त्या वाटेवर असे असे सिनेमे भेटले की ते बनले आहेत हे बनवणाऱ्यांच्या घरच्यांनाही आठवत नसेल. काही वाचनालयाच्या कपाटात सीडीच्या चकत्यांवर पडलेले. काही एका बंद पडलेल्या व्हिडिओवाल्याच्या माळ्यावर. तो म्हणाला, न्या हो सगळे, माझी धूळ तरी जाईल. आणि एका सिनेमासंग्रहालयाने आपला जुना साठा इंटरनेटवर फुकट खुला करून ठेवला होता, तिथे तर खजिनाच. शोधायचं काम घड्याळवाल्यांचं, रिमोट माझ्याकडे. नियम एकच. पहिला अर्धा तास कितीही रटाळ असला तरी उठायचं नाही. काही तर इतके रटाळ होते की घड्याळवाले बसल्या बसल्या घोरायचे आणि मी कोपराने ढोसायची. पण काही, अहाहा! एकात नुसती एक म्हातारी पत्र टाकायला चालत जाते, बाकी काही घडत नाही, आणि आम्ही दोघं श्वास धरून बसलेलो.

मधे मधे माझा एक खेळ चालायचा. काळ्यापांढऱ्या चित्रातली भिंत बघून मी रंग सांगायची. "ही हिरवी आहे. पोपटी नाही, शेवाळी." घड्याळवाले म्हणायचे, "कशावरून?" मी म्हणायची, "तुम्ही सिद्ध करा नाही म्हणून." मग ते हसायचे. त्यांचं हसू आधी खांद्यांत येतं आणि मग तोंडावर. आयुष्यात इतक्या उशिरा मला संध्याकाळची वाट बघण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. मी ती वाट बघायची, अगदी मनापासून बघायची, यात लाजण्यासारखं मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

आता तो दिवस. घड्याळवाले धापा टाकत खाली आले. "वहिनी, सापडला!" त्या संग्रहालयाच्या साठ्यात कुणीतरी एक सिनेमा चुकून माहितीपटांच्या खणात टाकून दिला होता. नाव सांगून उपयोग नाही, कुणी ऐकलेलं नसेल. पण सुरुवातीच्या पाट्यांमध्ये पहिलंच नाव ट्रेवालीचं! सर्दीने घसा बसलेला, तरी मी अशी ओरडले की सून स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं मी पडले.

तर त्यात ट्रेवाली नायिका. एका लहानशा लॉजची मालकीण, विधवा, मोठा मुलगा हाताशी. तिथे एक फिरता विक्रेता वरचेवर मुक्कामाला येत असतो. सिनेमात मागे संगीत म्हणून नव्हतंच. नुसती माणसं बोलतात, भांडी वाजतात, दारं लागतात. त्यात आवाज खरखरीत. इकडे सूनबाईंनी मिक्सर लावलेला. मी उठून दार लावून घेतलं आणि आवाज पार वर नेला.

आणि मग ट्रेवाली त्या विक्रेत्याला म्हणते, "मुलाला काय सांगायचं ते मी बघते. तुम्ही फक्त हो म्हणा. सकाळच्या गाडीने निघू."

तो म्हणतो, "लोक काय म्हणतील?"

ती म्हणते, "लोकांना उद्या दुसरा विषय मिळेल. मला दुसरा माणूस मिळणार नाही."

इतक्या सिनेमांत जिला "चहा ठेव" यापलीकडे कुणी काही म्हटलं नाही, ती हे बोलत होती! घड्याळवाले चष्मा काढून पुसत होते. आणि ऐन रंगात आलं असताना मेलं इंटरनेट बसलं. चित्र तिथेच गोठलं. बराच वेळ वाट बघितली, शेवटी ठरलं की उरलेला उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी घड्याळवाले आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी वर गेले. त्यांनी दार फटीएवढं उघडलं आणि म्हणाले, "जरा बरं नाही, वहिनी." माणूस ठणठणीत दिसत होता. मी म्हटलं, "मग सिनेमा?" तर म्हणाले, "तुम्ही बघा ना." आणि दार लावलं. माझ्या तोंडावर! संध्याकाळी मी रिमोट हातात घेऊन बसले. एक बटण दाबलं असतं तर उरलेला सिनेमा सुरू झाला असता. नाही दाबलं. ताटात वाढलेलं तसंच राहिलं आणि सून म्हणाली, "आई, जेवत का नाही?" पण म्हणताना तिने मुलाकडे बघितलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की पाणी कुठेतरी मुरतंय.

रविवारी सकाळी माझा मोठा भाऊ दारात हजर. दादा शाळेत मुख्याध्यापक होता. निवृत्त झाला तरी अजून प्रत्येक खोली त्याला वर्गच वाटते. मुलाने बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. मला मधे बसवलं. सून दाराला टेकून उभी.

दादाने घसा साफ केला. "आपल्या घराण्याची एक रीत आहे."

"कुठली?" मी विचारलं. "गेल्या वर्षी मला ताप होता तेव्हा तू फोनही केला नाहीस, ती?"

"विषयांतर नको." दादा मुलाकडे वळला. "सांग रे."

मुलाची मान खाली. हा माझा मुलगा, गिऱ्हाइकाला डब्यामागे डबे खपवणारा, चाचरत बोलायला लागला. "आई, मी त्या दिवशी वर आलो होतो. एका गिऱ्हाइकाला जुन्या शेडचा रंग हवा होता, मशीनला जमत नव्हता, म्हणून तुला विचारायला. तर तुझं दार बंद. आणि आतून... तू म्हणत होतीस, मुलाला काय सांगायचं ते मी बघते. सकाळच्या गाडीने निघू."

मग डोक्यात प्रकाश पडला. हा ट्रेवालीचा संवाद! मागे संगीताचा मागमूस नाही, आवाज खरखरीत आणि त्या दिवशी मला सर्दी झालेली, घसा बसलेला. ठोंब्या दाराबाहेर उभा राहिला, ऐकलं आणि पाय न वाजवता जिना उतरला. वर जाऊन घड्याळवाल्यांनाही एवढंच सांगून आला असणार की काका, येणं बंद करा.

हसू माझ्या घशापर्यंत आलं होतं. एक वाक्य बोलले असते, "अरे वेड्या, तो सिनेमा होता", की सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. दादा चहा पिऊन घरी गेला असता.

पण मी तिघांकडे बघितलं. मुलगा मान खाली घालून, भाऊ हाताची घडी घालून, सून दाराला टेकून. माझ्याच घरात मला मधे बसवून हे जबाब घेत होते. इतके महिने आम्ही सिनेमे बघत होतो, यातल्या एकाने तरी कधी विचारलं का की आई, काय बघतेस गं? आणि डोक्यात अशी तिडीक गेली की हसू परत पोटात गेलं.

"बरं," मी म्हटलं. "समजा मी म्हणाले. मग?"

सुनेच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"मग?" दादा उभाच राहिला. "मग म्हणजे? या वयात? नातवंडं खेळवायची सोडून?"

"नातवंडं अजून झालेली नाहीत, दादा. झाली की खेळवीन. आणि या वयात नाही तर कुठल्या वयात? मागच्या वयात मी डबे उचलत होते."

"मेव्हण्यांच्या नावाला..."

"त्यांच्या नावाला मी दुकान चालवून दाखवलं. तू तेव्हा म्हणालास, विकून टाक, बाईमाणसाला जमणार नाही. आठवतं?"

दादाचा चेहरा पडला. पण हरणारा नव्हे तो. "त्या गृहस्थांना बोलवा खाली," म्हणाला. "समोरासमोर होऊन जाऊ दे."

मुलगा वर गेला. घड्याळवाले आले तेव्हा घामाने डबडबलेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. दादाने शाळेतल्या पोराला विचारावं तसं विचारलं, "सकाळच्या गाडीने निघू, असं ही तुम्हाला म्हणताना याने ऐकलंय. तुमच्यात आणि माझ्या बहिणीत काही आहे का?"

"छे छे छे!" घड्याळवाले दोन्ही हात हलवत म्हणाले. "काहीतरीच काय! अहो, तो सिनेमा होता! ती सिनेमातली बाई बोलत होती. वहिनी तर शेजारी गप्प बसल्या होत्या. शप्पथ सांगतो, आमच्यात काही नाही, काही म्हणजे काहीच नाही."

मुलगा धावत मागच्या खोलीत गेला. त्याने तो सिनेमा थोडा मागे नेऊन लावला आणि तिथून ट्रेवालीचा आवाज बाहेर आला, "मुलाला काय सांगायचं ते मी बघते. तुम्ही फक्त हो म्हणा."

मग सून फिसकन हसली. मग दादा हसला. मुलगा बाहेर आला तो लालबुंद होऊन, हसत, कपाळावर हात मारून घेत. "आई! अगं, आधी सांगायचं नाही का! माझा तर जीव टांगणीला लागला होता." त्याने घड्याळवाल्यांच्या पाठीवर थाप मारली. "सॉरी हं काका. तुम्ही येत जा, अगदी रोज या. फक्त दार तेवढं उघडं ठेवा, म्हणजे झालं." दादा म्हणाला, "हो, दार उघडं असलं की कुणाला बोलायला जागा राहत नाही." सून चहा टाकायला वळली. खोलीत इतकं हलकं वातावरण झालं की कुणाला वाटलं असतं आमच्याकडे कसला निकाल लागलाय.

लागलाच होता. मी निर्दोष सुटले होते.

आणि मला काय वाटलं ते सांगते. सकाळपासून झाला नव्हता इतका अपमान मला तेव्हा वाटला. आरोप होता तोवर मी निदान एक बाई होते, जिच्या हातून काही होऊ शकतं. आता मी पुन्हा कोपऱ्यातलं फर्निचर झाले होते. आणि सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर ते छे छे छे. काही म्हणजे काहीच नाही! इतकी घाई? मी घड्याळवाल्यांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते आणि त्यांच्या खांद्यांत हसू नव्हतं.

"चहा टाकू नकोस," मी सुनेला म्हटलं. "बस सगळे. माझं झालेलं नाही."

"आता काय राहिलं?" दादा म्हणाला.

"ती बाई काय म्हणाली ते तुम्ही नीट ऐकलंत. आता मी काय म्हणते ते ऐका, आणि पुन्हा दाराबाहेर उभं राहून ऐकायची वेळ येऊ नये म्हणून मोठ्याने सांगते." मी दादाकडे वळले. "मला हा माणूस आवडतो. सिनेमांमुळे आवडतो असं नाही. सिनेमे नसते तरी आवडला असता, फक्त कळायला वेळ लागला असता. हे दोन दिवस ते आले नाहीत तर मला घास गेला नाही. दार मी त्या दिवशी मिक्सरच्या आवाजाने लावलं होतं. यापुढे लावीन तेव्हा मिक्सरमुळे लावणार नाही."

"अगं, काय बोलतेस!" दादा किंचाळला.

मुलाचं हसू कधीच मावळलं होतं. लहानपणी शाळेच्या फाटकापाशी करायचा तसा चेहरा करून तो म्हणाला, "म्हणजे तू जाणार?"

मला त्याची दया आली. पण दया आली म्हणून माघार घेण्याचे दिवस गेले. "कुठे जाणार? माझं घर सोडून मी कशाला जाऊ? आणि गाडी कशाला पकडू? ती बाई निघायचं म्हणाली कारण अख्ख्या लॉजमध्ये तिला स्वतःची अशी जागा नव्हती. मला आहे. मी इथेच राहणार, तुझी आईच राहणार, आणि ज्याला हे बघवत नसेल त्याने बाहेरच्या खोलीत मोठा टीव्ही बघावा."

सून खाली मान घालून उभी होती. ती हसू दाबत होती की रडू, मला अजून ठरवता आलेलं नाही. तिने पडलेलं फडकं उचललं आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. दाराकडे परत गेली नाही.

दादा घड्याळवाल्यांकडे वळला. त्याची ती शेवटची आशा होती. "बघा, तुम्ही शहाणे गृहस्थ आहात. तुम्हीच मघाशी शप्पथ घेऊन सांगितलंत की काही नाही. आता हिलाही समजावा."

घड्याळवाल्यांनी जिन्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस जिन्याने वर जाणार, फटीएवढं दार उघडणार आणि आत जाऊन कडी लावणार. मी मनाची तयारी केली. म्हटलं, गेले तर गेले, मी बोललेले शब्द परत घेणार नाही.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बोलायला लागले तेव्हा त्यांची पार ततपप झाली होती. "मुख्याध्यापक, मी... मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी घाबरलो होतो. मला वाटलं मी वहिनींची अब्रू सांभाळतोय. पण मी माझीच कातडी वाचवत होतो." मग आयुष्यात पहिल्यांदाच, असं मला वाटतं, ते कुणाच्या तरी डोळ्यांत बघून बोलले. "माझं उत्तर चुकलं. बदलून घ्या."

दादाने माझ्याकडे बघितलं.

"ऐकलंस ना?" मी म्हटलं. "आता ऊठ. आमचा सिनेमा अर्धा राहिलाय."